पॉवर स्टिअरिंगचा पंप घरी बदलताना: पंपाआधी आणि पंपानंतर

तेलपाणी

हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगचा पंप घरी बदलता येतो. हात जायला जागा असेल तर अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि त्यात पंप काढणं-बसवणं हा सगळ्यात सोपा भाग. नवे पंप लवकर जातात ते जुन्या ऑईलमधल्या धातूच्या कणांमुळे आणि आत राहिलेल्या हवेमुळे. म्हणून पान्यांइतकंच, किंबहुना जास्त, ऑईलबद्दल लिहितो.

आधी तुमच्या गाडीला असा पंप आहे का ते बघा. बऱ्याच नव्या गाड्यांत स्टिअरिंगला विजेची मोटर मदत करते. तिथे ऑईलची टाकीच नसते. काहींत ऑईल असतं, पण पंप स्वतःच्या विजेच्या मोटरवर चालतो. हा धागा फक्त इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या पंपाचा.

मग दोष पंपाचाच आहे का ते ठरवा. इंजिन चालू ठेवून टाकीचं झाकण उघडा आणि कोणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगा.

ऑईलवर फेस दिसला किंवा ऑईल दुधाळ झालं असेल तर पंप हवा ओढतोय. हवा बहुतेक वेळा टाकीतून पंपाकडे येणाऱ्या नळीच्या सांध्यातून शिरते. या नळीत दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे सांधा बाहेरून कोरडा दिसतो, ऑईल ठिबकत नाही, पण हवा मात्र आत जात राहते. होंडाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत पंपाच्या तोंडावरची ओ-रिंग (सांधा बंद करणारी रबरी कडी) कडक होऊन नेमकं हेच होतं. ओ-रिंग बदलली की घोंघावणं थांबतं आणि पंप ठणठणीत निघतो.

फेस नाही, पण इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढणारा घोंघावणारा आवाज आहे: टाकीच्या तळाची जाळी तुंबली असेल, किंवा पंप झिजला असेल. जाळी तुंबली की पंपाला ऑईल पुरत नाही आणि तो आतून रिकामा फिरल्यासारखा ओरडतो. पुष्कळ टाक्यांची जाळी वेगळी निघत नाही, टाकीच बदलावी लागते.

स्टिअरिंग टोकाला नेताना कर्कश 'चीं' असा आवाज आला तर पट्टा घसरतोय. पट्टा ढिला, चकाकलेला किंवा ऑईलनं भिजलेला असतो.

पुलीच्या मागून ऑईल ओघळत असेल तर शाफ्टचं सील गेलं. बोटावर घेतलेल्या ऑईलमध्ये चमकणारी चांदीसारखी कणी दिसली तर मात्र पंप आतून खरवडला गेलाय, तो बदलायचाच.

मायक्रोमीटर

दाबाची चाचणी यात यायलाच हवी. आवाजावरून पंप बदलणारे आणि नंतर रॅक (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोचवणारा भाग) खराब निघाला म्हणून हळहळणारे खूप असतात.

प्रेशर गेज आणि बंद करायची झडप असलेला संच पंप आणि जाड प्रेशर पाइप यांच्या मध्ये बसवायचा, झडप गेजच्या पुढे, रॅकच्या बाजूला. इंजिन गरम, आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता), झडप पूर्ण उघडी, स्टिअरिंग सरळ: दाब साधारण १० बारच्या आत असावा. त्याहून बराच जास्त असेल तर कुठेतरी पाइप दबलाय किंवा परतीचा मार्ग अडलाय. मग झडप बंद करायची, जास्तीत जास्त ५ सेकंद, आणि आकडा वाचून लगेच उघडायची. पंप चांगला असेल तर त्याच्या रिलीफ व्हॉल्व्हच्या (जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेच्या) दाबापर्यंत काटा चढतो. बहुतेक कारमध्ये हा दाब ७० ते १०० बारच्या आसपास असतो. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्यावा. काटा तिथवर पोचलाच नाही तर पंप गेला.

झडप बंद असताना दाब पुरेसा, पण झडप उघडी ठेवून स्टिअरिंग टोकाला धरल्यावर दाब तितका चढत नाही, तर रॅकच्या आतली सीलं गळतायत. तिथे नवा पंप लावून काही फरक पडणार नाही.

५ सेकंदांची मर्यादा मनापासून पाळा. झडप बंद असताना सगळं ऑईल पंपातल्या पंपातच गोल फिरतं आणि झपाट्यानं तापतं. चाचणीनंच चांगला पंप मरू शकतो.

सावली

उपयुक्त धागा. दोन प्रश्न आहेत. एक, नवा पंप घेताना फक्त गाडीचं मॉडेल सांगून चालतं का? दोन, पुली नव्या पंपाबरोबर येते का?

पाना_१७

सावली, मॉडेल पुरत नाही. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या इंजिनांना वेगळे पंप असतात. इंजिनाचा कोड, उत्पादनाचं वर्ष आणि जुन्या पंपावर कोरलेला क्रमांक, तिन्ही जुळवा. पंप हातात आला की जुन्याशेजारी ठेवून बघा: बोल्टची भोकं, ऑईल आत येण्याचं तोंड कोणत्या बाजूला वळलंय, प्रेशर पाइपचे आटे, शाफ्टची लांबी आणि जाडी, दाबाच्या स्विचचं भोक. एक गोष्ट डोळ्यांनी दिसत नाही: आतला फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह, म्हणजे ऑईल किती जाईल ते ठरवणारी झडप. बाहेरून हुबेहूब असलेला पंप वेगळ्या व्हॉल्व्हचा असेल तर स्टिअरिंग फार हलकं किंवा फार जड होतं. क्रमांक जुळवायचा तो त्यासाठी.

पुली सहसा येत नाही, जुनीच चढवावी लागते. हे काम घरी अडतं, म्हणून जरा सविस्तर.

पुली दोन प्रकारच्या. बोल्ट किंवा मधल्या नटनं बसवलेली असेल तर काम सोपं, पण ते बोल्ट पट्टा गाडीवर असतानाच सैल करायचे. पट्टा पुलीला धरून ठेवतो. पट्टा काढल्यावर पुली नुसती गरागरा फिरते. तेव्हा जुना पट्टा पुलीभोवती गुंडाळून पकडावा लागतो.

दुसरा प्रकार शाफ्टवर दाबून घट्ट बसवलेली पुली. तिच्या मध्यभागाला, पुढे आलेल्या मानेला, एक खाच असते. पॉवर स्टिअरिंगच्या पुलीचा खास पुलर त्या खाचेत अडकतो. साधा तीन पायांचा पुलर बाहेरच्या कडेला लावू नका. पत्र्याची पुली असेल तर कडा वाकते, मग पट्टा डोलत चालतो आणि महिन्याभरात दोरे सोडतो. चढवताना उलटं: शाफ्टच्या टोकाला आत आटे असतात, त्यात अवजाराचा लांब बोल्ट बसवून नट पिळत पुली हळूहळू आत दाबायची. हातोडीनं ठोकायची नाही, कधीच नाही. प्रत्येक ठोका शाफ्टवरून आतल्या रोटरवर आणि बेअरिंगवर जातो; पंप सुरू होण्याआधीच खराब होतो.

पुली कुठवर बसवायची हे काढण्याआधीच मोजून ठेवा. शाफ्टचं टोक पुलीच्या मानेशी समतल आहे, आत आहे की बाहेर, हे व्हर्नियरनं बघून लिहा. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरकही पट्टा तिरका चालवायला पुरतो.

तेलपाणी

पाना_१७ यांनी पुलीचं छान लिहिलं. आता कामाचा क्रम.

लागणारं सामान: पंप, मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच ऑईल २ ते ३ लिटर (यंत्रणेत साधारण १ लिटर मावतं, उरलेलं धुण्यासाठी), नव्या ओ-रिंगा किंवा बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) नवे वॉशर, टाकीकडून येणाऱ्या नळीचे नवे क्लॅम्प, भिजला असेल तर नवा पट्टा. अवजारांत सॉकेट संच, टॉर्क रेंच, फ्लेअर नटचा पाना (पाइपच्या नटला जवळजवळ सगळीकडून धरणारा), ऑईल ओढायला मोठी सिरिंज, जॅक, दोन मजबूत स्टँड, मागच्या चाकांना अटकाव.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना अटकाव लावा, पुढची बाजू उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. बटणानं चालू होणाऱ्या गाडीत आधी स्टिअरिंगचं कुलूप उघडं राहील याची सोय बघा, नाहीतर नंतर चाकं फिरवता येणार नाहीत.

पट्टा कुठून कसा जातो त्याचा फोटो काढा आणि तरीही कागदावर काढून ठेवा. फोटोत मागचा आयडलर (पट्ट्याला वळण देणारी मोकळी पुली) दिसत नाही. टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली) फिरवून पट्टा सोडा. काही गाड्यांत टेन्शनर नसतो, पट्टाच ताणणारा असतो; तो कापून काढतात आणि नवा खास अवजारानं चढवतात. पट्टा सुटला की टेन्शनर आणि आयडलर हातानं फिरवून बघा. खरखर जाणवली तर तेही आत्ताच बदला, नंतर पुन्हा तेवढंच उघडावं लागेल.

टाकीतलं ऑईल सिरिंजनं ओढून घ्या. अल्टरनेटर पंपाच्या खाली असेल तर त्यावर प्लास्टिक बांधा. ऑईल त्यात गेलं तर दुसरं काम वाढतं. पट्ट्यावर आणि एक्झॉस्टवरही ऑईल सांडू देऊ नका. तापलेल्या एक्झॉस्टवर हे ऑईल धूर करतं आणि पेटूही शकतं.

आता पंपाचे सांधे. टाकीकडून येणारी नळी ओढून काढण्याआधी थोडी फिरवून सैल करा. जुनं रबर तोंडाला चिकटलेलं असतं आणि सरळ ओढलं की फाटतं. प्रेशर पाइपच्या नटला उघडा पाना लावू नका, कोपरे गोल होतात. फ्लेअर नटचा पाना लावा, आणि पंपाच्या बाजूला षटकोन असेल तर तो दुसऱ्या पान्यानं धरा, नाहीतर पाइप पिळला जातो. दाबाचा स्विच असेल तर त्याचा प्लग काढा. उघड्या तोंडांना लगेच स्वच्छ बूच किंवा टोपी लावा.

मग धरणारे बोल्ट. ते सारख्या लांबीचे नसतात, त्यामुळे पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवा. अॅल्युमिनियमच्या भोकात लांब बोल्ट चुकीच्या जागी गेला तर आटे जातात किंवा ब्रॅकेट तडकतं. इंजिन आडवं असलेल्या गाड्यांत काही बोल्टना वरून पाना पोचत नाही; पट्ट्याच्या बाजूचं चाक आणि आतलं प्लास्टिकचं आवरण काढलं की हात पोचतो.

मायक्रोमीटर

एक जोड. जुना पंप बाहेर आला की प्रेशर पाइपच्या टोकावर ओ-रिंग आहे का ते लगेच बघा. ती नसेल तर जुन्या पंपाच्या भोकात चिकटली असेल. पंप तोच ठेवून फक्त ओ-रिंग बदलणारे इथे हमखास फसतात: जुनी आत राहते, वर नवी बसते, दोन्ही चुरगळतात आणि गाडी चालू होताच ऑईलची धार लागते. नवी ओ-रिंग त्याच ऑईलमध्ये बुडवून बसवायची. टेफ्लॉन टेप लावायची नाही. हा सांधा आट्यांवर नाही, ओ-रिंगवर किंवा फ्लेअरच्या तोंडावर बंद होतो, आणि टेपचा तुकडा आत गेला तर रॅकच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतो.

नट आधी हातानं तीन-चार आटे चढवा, मगच पंपाचे बोल्ट घट्ट करा. पंप आधी कसला की पाइप नेमका समोर येत नाही आणि आटे तिरके चढतात. कसण्याचा आकडा मॅन्युअलमधला. तो नसेल तर अंदाजासाठी: पंपाचे एम-८ बोल्ट २० ते २५ न्यूटन-मीटर, एम-१० बोल्ट ४० ते ५०. प्रेशर पाइपसाठी असा अंदाज वापरू नये, तो गाडीगणिक बराच वेगळा असतो.

तेलपाणी

बरोबर, आणि नव्या पंपाच्या तोंडांतली प्लास्टिकची बुचं काढायला विसरू नका. सांगायला फार साधं वाटतं, पण बूच राहिलं तर पंप कोरडा फिरतो.

पंप बसवण्याआधी टेबलावरच त्यात ऑईल ओता आणि शाफ्ट हातानं, फिरायच्या दिशेनं, बाहेर बुडबुडे यायचे थांबेपर्यंत फिरवा. या पंपाच्या आत रोटरच्या खाचांत सरकणारी पाती असतात आणि त्यांना वंगण फक्त याच ऑईलचं. कोरडा पंप काही सेकंद जरी फिरला तरी पाती कडेला ओरखडे पाडतात आणि त्या ओरखड्यांतून दाब कायमचा निसटतो.

यंत्रणा धुणं. जुना पंप खरवडला असेल तर ही पायरी सोडूच नका; पाइपमध्ये आणि रॅकमध्ये राहिलेली कणी फिरून नव्या पंपातच येते. परतीची नळी टाकीवरून काढून रिकाम्या बाटलीत सोडा, टाकीचं ते तोंड बुचानं बंद करा. चाकं हवेत, इंजिन बंद. एकानं टाकीत ऑईल ओतत राहायचं, दुसऱ्यानं स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवायचं. बाटलीत येणारं ऑईल नव्यासारखं स्वच्छ दिसेपर्यंत. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका. परतीच्या नळीत छोटा फिल्टर बसवता येतो, तो जरूर बसवा. बाणाची दिशा टाकीकडे.

सावली

ऑईलच्या प्रकारांबद्दल सांगाल का? टाकीत लाल ऑईल आहे, म्हणजे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल) असं समजायचं का?

पाना_१७

रंगावर जाऊ नका. झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं बघा. काही गाड्या डेक्सरॉन प्रकारचं एटीएफ मागतात, काही सीएचएफ ११ एस सारखं हिरवं ऑईल, ह्युंदाई आणि कियाच्या काही गाड्या पीएसएफ-४, होंडाचं स्वतःचं वेगळं. एकमेकांत मिसळायची नाहीत. आतल्या सीलांचं रबर ठराविक ऑईलसाठी निवडलेलं असतं.

आणि ब्रेक ऑईल तर कधीच नाही. ते ग्लायकॉलचं असतं. पॉवर स्टिअरिंगची सीलं त्यानं फुगून मऊ पडतात. चुकून टाकलं गेलं असेल तर इंजिन चालू न करता टाकी रिकामी करून धुवा. इंजिन चालू झालं असेल तर ऑईल पंप, पाइप, रॅक सगळीकडे पोचलेलं असतं.

गळती थांबवणारी बाटलीतली द्रव्यंही सीलं फुगवूनच काम करतात. थोडे दिवस गळती कमी दिसते, नंतर रबर आणखी मऊ होतं. मला ती पसंत नाहीत.

तेलपाणी

हवा काढणं, इथे घाई नको.

टाकी 'कोल्ड' खुणेपर्यंत भरा. चाकं हवेत, इंजिन बंद. स्टिअरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत १५ ते २० वेळा फिरवा, टोकाला दाबून धरू नका. मधूनमधून पातळी बघून भरत राहा. टाकीत बुडबुडे यायचे थांबले की पट्टा, बॅटरी आणि दाबाच्या स्विचचा प्लग जागेवर आहेत का बघा, मगच इंजिन चालू करा. पहिल्या काही सेकंदांत पातळी खाली जाईल, ऑईल हाताशी ठेवा. आयडलवर पुन्हा काही वेळा सावकाश फिरवा. टोकाला ५ सेकंदांपेक्षा जास्त धरायचं नाही, तिथे रिलीफ व्हॉल्व्ह उघडून ऑईल तापतं.

फेस आला तर इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास तसंच ठेवा. फेस असताना फेऱ्या वाढवल्या तर हवेचे बुडबुडे आणखी बारीक होऊन ऑईलमध्ये मिसळतात आणि मग निघता निघत नाहीत. हाताचा व्हॅक्यूम पंप असेल तर टाकीच्या तोंडावर योग्य झाकण बसवून, इंजिन बंद ठेवून, पाच मिनिटं ओढ द्या. अडकलेली हवा वर येते.

चाकं जमिनीवर आणून पुन्हा फिरवून बघा, आता पंपावर खरा भार येतो. गळती शोधताना सांध्यावरून हात फिरवू नका. एवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत घुसू शकते, आणि तशी जखम छोटी दिसली तरी ताबडतोब रुग्णालयात जावं लागतं. सांध्याजवळ पुठ्ठा धरा, त्यावर ओल उमटते.

सावली

सगळं लावून झाल्यावर स्टिअरिंग फिरवताना इंजिन थरथरून बंद पडायला लागलं तर?

मायक्रोमीटर

दाबाच्या स्विचचा प्लग बघा. स्टिअरिंगवर भार आला की हा स्विच इंजिनाच्या कंट्रोल युनिटला कळवतो आणि आयडल थोडं वर जातं. प्लग राहिला असेल, पिन वाकली असेल किंवा स्विच जुन्या पंपावरच राहिला असेल तर आयडल वाढत नाही. ते सगळं ठीक असेल तर पट्टा गरजेपेक्षा जास्त ताणलेला नाही ना ते तपासा. हातानं ताणायच्या पट्ट्यात, सर्वात लांब मोकळ्या भागाच्या मध्यावर अंगठ्यानं जोरात दाबल्यावर साधारण १० मिलिमीटर लवचीकता असावी. जास्त ताणलं तर पंपाच्या बेअरिंगवर भार येतो.

पाना_१७

नव्या पंपाचा आवाज दुसऱ्या दिवशीही येत असेल तर या क्रमानं बघा: टाकीकडून येणाऱ्या नळीचे क्लॅम्प, पंपाच्या तोंडावरची ओ-रिंग, टाकीची जाळी, पुलीची खोली, आणि प्रेशर पाइप बॉडीला किंवा सबफ्रेमला टेकलाय का. पाइप टेकलेला असेल तर पंपाचं साधं कंपनही गाडीभर ऐकू येतं. त्याचं रबराचं ब्रॅकेट काढलं असेल तर ते परत बसवलंय का तेही बघा.

सावली

समजलं. काढलेलं ऑईल इंजिन ऑईलच्याच डब्यात ठेवलं तर चालेल का?

तेलपाणी

वापरलेलं इंजिन ऑईल जिथे घेतात तिथे सहसा हेही घेतात, त्यामुळे एका डब्यात चालतं. त्यात ब्रेक ऑईल किंवा कूलंट मिसळू नका, मिसळलेलं परत घेत नाहीत. डब्यात भरण्याआधी पांढऱ्या भांड्यात ओतून कणी किती आहे ते बघून घ्या. खूप दिसली तर काही शे किलोमीटरनंतर टाकीतलं ऑईल सिरिंजनं काढून पुन्हा नवं भरा, आणि त्या वेळी पट्ट्याचा ताणही तपासा.